फार्म बुकमधली माणसं: हर्न–फॉसेट कुटुंबाच्या शोधाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून नोंदी ठेवायला घेतल्या. माग काढायचा आहे एकाच कुटुंबाचा: सुतारकाम करणारा डेव्हिड हर्न, त्याची बायको इझाबेल, त्यांची मुलगी ईडिथ आणि जावई जोसेफ फॉसेट. सगळे व्हर्जिनियातल्या माँटिचेलो मळ्यावरचे गुलाम, म्हणजे थॉमस जेफरसनच्या मालकीचे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्याने लिहिला, त्या माणसाच्या मालकीत आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं होती.

हेच कुटुंब निवडलं, कारण त्यांच्याबाबत तीन तऱ्हांचे कागद एकमेकांशी ताडून पाहता येतात. मालकाच्या वह्या आहेत, कोर्टातले दस्त आहेत, आणि ईडिथच्या मुलाने म्हातारपणी स्वतः सांगितलेली हकिगतही आहे. बहुतेक गुलाम कुटुंबांच्या वाट्याला यातलं पहिलंच येतं, पुष्कळांच्या वाट्याला तेही नाही.

मुख्य आधार जेफरसनचं ‘फार्म बुक’. मूळ वही मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे आणि पानांची छायाचित्रं सर्वांसाठी खुली आहेत, त्यामुळे पुण्यात बसून हे काम करता येतं. व्हर्जिनियात राहणाऱ्या ताई कोर्टाच्या दस्तांची बाजू सांभाळणार आहेत.

९ जानेवारी

पहिली यादी उतरवली. तारीख १४ जानेवारी १७७४. सासरा जॉन वेल्स वारल्यावर त्याच्या मालमत्तेची वाटणी झाली, त्या दिवसाची. एका रकान्यात जेफरसनचे स्वतःचे ५२ गुलाम, दुसऱ्यात बायकोच्या वाट्यातून आलेले १३५. एका दिवसात १८७ माणसांचा मालक.

नावांपुढे खुणा आहेत. चांदणी म्हणजे शेतात राबणारा. खंजिरासारखी खूण म्हणजे कर लागू होण्याइतकं वय झालेला, पण दुसरं काही काम करणारा. दुहेरी खंजीर म्हणजे म्हातारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे कामातून सुटलेला. आडनाव जवळपास कुठेच नाही. डेव्हिड हर्न म्हणजे नुसता ‘डेव्ही’, ईडिथ म्हणजे ‘ईडी’, जोसेफ म्हणजे ‘जो’. एकाच नावाची माणसं कितीतरी, म्हणून नावाइतकंच जन्मवर्ष महत्त्वाचं. इझाबेलचं १७५८ धरून चालले आहे.

तक्त्याची रचना ठरवली. एक ओळ म्हणजे एक नोंद, एक माणूस नव्हे. माणसांचा तक्ता वेगळा, आणि कोणती नोंद कोणत्या माणसाची हे जोडताना पुढे तीनपैकी एक शेरा: पक्कं, बहुधा, शक्यता. नुसतं नाव जुळलं म्हणून ‘पक्कं’ लिहायचं नाही. नाव, जन्मवर्ष आणि आई, यातल्या किमान दोन गोष्टी जुळल्या तरच.

१३ जानेवारी

मुलं आईच्या नावाखाली लिहिली आहेत. ईडिथची वंशावळ उभी राहते ती यामुळेच, म्हणून याचं कारण इथे नोंदवून ठेवते. व्हर्जिनियात १६६२ साली कायदा झाला: आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना. मालकाच्या दृष्टीने मूल ही आईतून वाढलेली मालमत्ता, म्हणून आईशी असलेलं नातं कागदावर काळजीपूर्वक टिकलं आणि बापाचं वाऱ्यावर गेलं. १८२० च्या एका पत्रात जेफरसन हिशेबाच्या भाषेतच लिहितो की दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई त्याला मळ्यावरच्या सर्वांत चांगल्या गड्यापेक्षा जास्त फायद्याची वाटते.

हे वाचून हात थांबला होता. तरी ज्या रकान्यावर आमचं सगळं काम उभं आहे तो रकाना या हिशेबासाठी आखलेला आहे, हे तक्त्याच्या पहिल्या पानावरच लिहायचं ठरवलं. उद्या कोणी हा तक्ता वापरला तर त्याला ते कळलं पाहिजे.

बाप शोधायला दुसऱ्या याद्या लागतील.

१७ जानेवारी

भाकरीच्या, माशांच्या, कापडाच्या आणि कांबळ्यांच्या याद्या. आठवड्याचा शिधा माणशी एक पेक, म्हणजे साधारण नऊ लिटर, मक्याचं पीठ, त्याबरोबर थोडं खारवलेलं मांस आणि खारवलेले मासे. कपडे वर्षातून दोनदा. कांबळं तीन वर्षांतून एकदा, म्हणून दर वर्षी साधारण एक तृतीयांश लोकांचीच पाळी. एखाद्या वर्षी कांबळ्याच्या यादीत नाव दिसलं नाही म्हणून तो माणूस विकला गेला किंवा मेला असं धरता येत नाही, आधी त्याची पाळी कधीची ते बघायचं.

या याद्यांत खरा ऐवज आहे तो क्रमात. शिधा चुलीवार वाटला जात होता. त्यामुळे डेव्ही, मग इझाबेल, मग वयाने उतरती मुलं, असा गट वर्षानुवर्षं एकत्र येतो. बापाचं नाव ‘बाप’ म्हणून कुठे नाही, पण तो त्याच जागी उभा आहे. असा क्रम दोन वेगळ्या वर्षांच्या याद्यांत सापडला तर ‘बहुधा’, आणि पत्रांतून दुजोरा मिळाला तर ‘पक्कं’.

आपल्याकडे रेशनकार्डावरून घरातली माणसं कळतात तसंच हे. फरक एवढाच की इथे कार्ड मालकाच्या हातात आहे.

१८ जानेवारी

ताईंचा प्रश्न: “अगं, पण काही मुलं वयात आली की यादीतून गायबच होतात, त्यांचं काय?” उत्तर बहुतेक वेळा बेडफर्ड काउंटीत सापडतं. तिथे पॉप्लर फॉरेस्ट हा जेफरसनचा दुसरा मळा होता, सुमारे ९० मैलांवर. माणसं इकडून तिकडे हलवली जात. दोन्ही मळ्यांच्या याद्या शेजारी ठेवूनच वाचायच्या.

२३ जानेवारी

१७८१ चं पान. स्वातंत्र्ययुद्धात कॉर्नवॉलिसची फौज जेफरसनच्या मळ्यांवरून गेली तेव्हाच्या नोंदी. ब्रिटिशांकडे गेलेल्या गुलामांच्या नावांपुढे त्याने स्वतः लिहिलं आहे: शत्रूकडे पळून गेला आणि मेला. शत्रूला जाऊन मिळाला. देवीच्या साथीत मेली. सात वर्षांनी, १७८८ साली, विल्यम गॉर्डन या इतिहासकाराला लिहिताना हाच जेफरसन म्हणतो की कॉर्नवॉलिसने सुमारे ३० गुलाम ‘नेले’.

वहीत माणसं आपल्या पायांनी चालत गेली आहेत, पत्रात त्यांना कोणीतरी उचलून नेलं आहे. प्रत्यक्ष घटनेच्या जवळची नोंद वहीतली, आणि ती दुसऱ्या कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेलीही नव्हती. तक्त्यात क्रियापद वहीतलंच घेतलं. स्वातंत्र्याकडे पळालेल्या माणसाला ‘नेलेला’ म्हणणं म्हणजे त्याने जिवावर उदार होऊन केलेली एकमेव गोष्ट त्याच्याकडून काढून घेणं.

३० जानेवारी

इझाबेलवर आठवडा गेला आणि तो कारणी लागला.

१७८५ साली पॅरिसमधून जेफरसन लिहितो की धाकट्या मुलीला, पॉलीला, फ्रान्सला पाठवा. सोबत एखादी काळजी घेणारी बाई द्या, उदाहरणार्थ इझाबेल, तिला देवी येऊन गेल्या असतील तर. पॉली निघाली १७८७ मध्ये, पण इझाबेल बाळंतपणामुळे जाऊ शकली नाही. तिच्याऐवजी गेली १४ वर्षांची सॅली हेमिंग्ज. सॅलीला पुढे जेफरसनपासून मुलं झाली, ते जगाला माहीत आहे, त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. इझाबेल मात्र त्या गोष्टीत एका वाक्यापुरती येते आणि मागे राहते.

फार्म बुकमध्ये ईडिथचं जन्मवर्ष १७८७ आहे. पत्रातलं बाळंतपण आणि वहीतलं जन्मवर्ष एकमेकांना धरून आहे. ईडिथ–इझाबेल नात्यापुढे ‘पक्कं’.

४ फेब्रुवारी

आता जोसेफची बाजू. जन्म १७८०. आई मेरी हेमिंग्ज, एलिझाबेथ हेमिंग्जची थोरली मुलगी. जेफरसन परदेशी असताना मेरीला शार्लट्सव्हिलच्या थॉमस बेल या व्यापाऱ्याकडे भाड्याने दिलं होतं. त्याच्यापासून तिला दोन मुलं झाली. १७९२ मध्ये तिने स्वतःच मागणी केली की मला बेलला विका. जेफरसनने कारभाऱ्याला परवानगी दिली: तिच्या मर्जीप्रमाणे विक्री करा, सोबत तिला हवी ती धाकटी मुलं द्या.

‘धाकटी’ या एका अटीवर एक घर दुभंगलं. बेलची दोन मुलं, रॉबर्ट आणि सॅली, आईबरोबर गेली आणि पुढे मुक्त झाली. जोसेफ आणि त्याची बहीण बेट्सी मळ्यावर राहिली. जोसेफ तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा. शार्लट्सव्हिल डोंगराच्या पायथ्याशीच, म्हणजे आई काही मैलांवर मुक्त बाई म्हणून नांदत होती आणि मुलगा वर डोंगरावर गुलाम होता.

दोन वर्षांत जोसेफ खिळ्यांच्या कारखान्यात दिसतो. १७९४ ला सुरू झालेल्या या कारखान्यात दहा ते सोळा वर्षांची मुलं कामाला होती. प्रत्येकाला किती लोखंड दिलं, किती खिळे झाले, किती वाया गेलं, याचं रोजचं वजन जेफरसन लिहून ठेवी. पोरांच्या हजेरीचा इतका बारीक कागद दुसरा मिळणार नाही. पुढे जोसेफ लोहार झाला, १८०७ पासून लोहारशाळेचा मुख्य.

मेरीच्या मुलीचं, सॅली बेलचं, लग्न जेसी स्कॉटशी झालं. हे नाव ठळक करून ठेवलं आहे, १८२७ ला लागणार आहे.

११ फेब्रुवारी

ईडिथ १५ वर्षांची असताना, १८०२ मध्ये, वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी नेली गेली; राष्ट्राध्यक्ष तेव्हा जेफरसनच होता. ओनोरे ज्युलियन या फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली स्वयंपाक शिकायला. १८०९ पर्यंत तिथेच होती, तिथेच तिला मुलं झाली. मळ्यावरच्या याद्यांत या वर्षांत ती नाही, आणि याद्याच तेवढ्या पाहिल्या तर सात वर्षांचं भगदाड दिसतं. ते भरून निघतं घरखर्चाच्या हिशेबांनी आणि पत्रांनी.

त्यातलं सर्वांत महत्त्वाचं पत्र ३१ जुलै १८०६ चं. जेफरसन सुट्टीवर माँटिचेलोला आलेला असताना जोसेफ पळाला. वॉशिंग्टनमधल्या नोकराला जेफरसन कळवतो की तो बहुधा तिकडेच येईल, कदाचित फक्त ईडीला भेटेल, कारण पूर्वी त्याचा तिच्याशी संबंध होता. अंदाज बरोबर ठरला. जोसेफ राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याच्या आवारातच सापडला. तुरुंगात टाकून परत पाठवला.

कुठल्याही यादीत ‘ईडिथचा नवरा’ अशी नोंद नाही. जेफरसनच्या लेखी तो ‘पूर्वीचा संबंध’. त्या माणसाने शंभराहून अधिक मैल काटले ते बायकोसाठी. नात्याचा पुरावा म्हणून मी हे पत्र धरते, आणि त्याचा अर्थ मालकाने लावला तसा लावत नाही. विवाह: पक्का.

१४ फेब्रुवारी

ईडिथचा भाऊ मोझेस, तोही लोहार. त्याची बायको मेरी दुसऱ्या मालकाची. १८०७ मध्ये तो मालक केंटकीला जायला निघाला तेव्हा मोझेसने पुन्हा पुन्हा विनवून जेफरसनला तिला विकत घ्यायला लावलं. त्या पत्रात जेफरसन लिहितो की नवरा-बायकोला एकत्र ठेवण्याची इच्छा त्याच्याइतकी कोणालाच नसेल, पण मळ्याबाहेर लग्न करणं हा अविचार. १८१५ च्या पत्रात कारण उघड होतं: तरुणांनी आपसांतच लग्नं करून घरीच राहावं, तशाने त्यांची किंमत कितीतरी वाढते.

मोझेस–मेरी: पक्कं.

२० फेब्रुवारी

आज तक्त्याचं काम नाही. पेशवे दफ्तरात काम केलेल्या एका ज्येष्ठ अभ्यासकांशी बोलणं झालं. पेशवाईतल्या बटकी आणि कुणबिणी, म्हणजे विकत घेतलेल्या, कोठीवर राबणाऱ्या गुलाम बायका, मोडी कागदांत अशाच आढळतात: नाव, किंमत, कापड, शिधा. त्यांची पद्धत मी इकडे उचलणार आहे. ते म्हणाले, “खर्चाची नोंद आधी वाचा, हुकूम नंतर.” हुकमात काय व्हावं ते असतं, खर्चात काय झालं ते.

आपल्या कुणबिणींच्या वंशावळी कोणी मांडल्या आहेत का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. आमच्याकडे घराण्यांची बखर आहे, कुलवृत्तांत आहेत. त्या घराण्यांच्या मुदपाकखान्यात राबलेल्या बायकांचे नाहीत.

२८ फेब्रुवारी

१८२७.

जेफरसन ४ जुलै १८२६ ला वारला, मागे एक लाख डॉलरहून अधिक कर्ज ठेवून. मृत्युपत्राने पाच जणांना मुक्ती दिली, त्यात जोसेफ होता, पण मृत्यूनंतर एक वर्षाने. त्याच्या बायकोचं आणि मुलांचं नाव त्यात नव्हतं. जानेवारीत शार्लट्सव्हिलच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली: १३० मौल्यवान निग्रो, गुरं, पिकं, घरातलं सामान. १५ जानेवारीला माँटिचेलोच्या आवारात लिलाव सुरू झाला. जोसेफ त्या दिवशी अजून गुलामच होता, मुक्तीला सहा महिने बाकी. हातात लोहारकामाचं कसब होतं, बोली लावायचा हक्क नव्हता.

इथे जेसी स्कॉटचं नाव परत येतं. मेरी हेमिंग्ज बेलच्या मुक्त कुटुंबाने ईडिथ आणि तिची सर्वांत धाकटी मुलं सोडवली. ३५ वर्षांपूर्वी ज्या अटीने घर दुभंगलं होतं, त्याच्या मुक्त बाजूने आता गुलाम बाजूला हात दिला. बाकीची मुलं वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेली. अकरा वर्षांचा पीटर गेला जॉन जोन्सकडे. आठ वर्षांची इझाबेला तिसरीकडेच.

डेव्हिड हर्न सत्तरी ओलांडलेला होता. तो आणि त्याची मुलं-नातवंडं मिळून तिसाहून अधिक माणसं विकली गेली. शिध्याच्या यादीत वर्षानुवर्षं एका चुलीखाली येणारी ही नावं आता खरेदीदारांच्या नावांखाली विखुरलेली आहेत. तक्त्यात ‘ठिकाण’ या रकान्याखाली एवढी वेगवेगळी नावं भरावी लागली की मध्ये उठून फेरी मारून आले.

इझाबेल हे बघायला नव्हती. ती १८१९ ला गेली. ईडिथची मुलगी इझाबेला त्याच वर्षी जन्मली. आजीचं नाव नातीला, हे आपल्याला समजावून सांगायला नको. वंशावळीत असा नावांचा वारसा धागा म्हणून धरायचा, एकट्याने पुरावा म्हणून नाही. इथे आईचं नातं आधीच पक्कं असल्यामुळे तो निर्धास्तपणे लिहिता आला.

७ मार्च

ताईंनी पाठवलेल्या टिपणावरून १८३७ च्या दस्ताची नोंद केली. जोसेफ फॉसेट आपली बायको ईडिथ, पाच मुलं आणि चार नातवंडं यांना मुक्त करतो. दहा वर्षं भट्टीपुढे राबून मिळवलेल्या पैशांचा आणि नातेवाइकांच्या मदतीचा हा हिशेब.

कायद्याच्या नजरेत या क्षणी जोसेफ त्यांचा मालक आहे. माझ्या तक्त्यात ‘मालक’ रकाना होता आणि त्यात आधी जेफरसन, मग खरेदीदार, मग जोसेफ असं सरळ भरता आलं असतं. तसं केलं नाही. रकाना दोनात फोडला: ‘कायद्याने ताबा’ आणि ‘कोणाबरोबर राहत होते’. व्हर्जिनियाच्या १८०६ च्या कायद्याने मुक्त झालेल्या गुलामाला वर्षभरात राज्य सोडावं लागे, म्हणून कित्येक मुक्त बाप आपलीच मुलं कागदावर ‘मालकीची’ ठेवत. ताबा कोणाचा एवढंच विचारलं तर जोसेफ आणि जेफरसन एका रांगेत बसतात, आणि ते मला मान्य नाही.

१५ मार्च

पीटरची हकिगत, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’, ३० जानेवारी १८९८. तो सांगतो की लहानपणी आपण गुलाम आहोत हेच त्याला ठाऊक नव्हतं, आणि मग अचानक लिलावाच्या ठोकळ्यावर उभं केलं. जोन्सने शब्द दिला होता की बापाने पैसे जमवले की सोडीन. तो फिरवला. पीटर चोरून लिहायला-वाचायला शिकला, दुसऱ्यांना शिकवलं, बहिणीसाठी, इझाबेलासाठी, मुक्तीचा खोटा दाखला लिहून दिला आणि त्या जोरावर ती बॉस्टनला पोचली. तो स्वतः दोनदा पळाला, पकडला गेला. १८५० ला पुन्हा लिलाव, या वेळी नातलगांनी आणि मित्रांनी पैसे उभे करून सोडवला. मग ओहायोत, सिनसिनाटीला, आईवडिलांकडे. तिथे केटरिंगचा व्यवसाय आणि बाप्टिस्ट चर्चचं धर्मोपदेशकपण.

तारखा आणि वयं फार्म बुकशी ताडली. जुळतात. म्हाताऱ्याच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा का, असं कोणी विचारलं तर हे दोन कागद शेजारी ठेवून दाखवता येतील. आणि त्याने जे सांगितलं त्यातलं बरंचसं फार्म बुकमध्ये कधीच आलं नसतं.

२४ मार्च

ओहायोची बाजू. १८५० ची जनगणना मुक्त घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिणारी पहिली. त्याच वर्षी दक्षिणेत गुलामांची वेगळी यादी झाली: मालकाचं नाव, खाली वय, लिंग, रंग. नाव नाही. दक्षिणेत राहिलेल्या हर्न मंडळींना १८७० पर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर कोणी कुठलं आडनाव घेतलं हा नवाच शोध.

ईडिथची मुलगी ॲन एलिझाबेथ, जावई टकर आयझॅक्स. त्यांची मुलगी व्हर्जिनिया, आणि तिचा मुलगा विल्यम मन्रो ट्रॉटर: १९०१ ला बॉस्टनमध्ये ‘गार्डियन’ काढणारा संपादक, १९१४ ला राष्ट्राध्यक्ष विल्सनला त्याच्याच कार्यालयात सरकारी नोकऱ्यांतल्या वर्णभेदाबद्दल तोंडावर जाब विचारणारा. ज्या वाड्यात पणजीने स्वयंपाक केला, तिला भेटायला आलेला पणजोबा ज्याच्या आवारात पकडला गेला, तोच वाडा.

हा धागा मी शोधलेला नाही. १९९३ पासून ल्युसिया स्टँटन आणि डायॅन स्वॉन-राइट यांनी ‘गेटिंग वर्ड’ या प्रकल्पात माँटिचेलोच्या गुलामांच्या वंशजांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या. घरोघरी जपलेली तोंडी वंशावळ आणि वहीतली नावं त्यांनी जोडली. माझा तक्ता त्या खांद्यांवर उभा आहे, आणि पहिल्या पानावर तसं लिहिलं आहे.

२ एप्रिल

पुढचं कुटुंब ठरलं: गिलेट. वॉशिंग्टनच्या स्वयंपाकघरात ईडिथच्या जोडीला असलेली फॅनी गिलेट ही ईडिथच्या भावाची, धाकट्या डेव्हिड हर्नची, बायको. म्हणजे तक्ता आपोआपच तिकडे वळतो. फॅनीचा भाऊ इझ्रायल याने १८७३ मध्ये ओहायोतल्या ‘पाइक काउंटी रिपब्लिकन’ला आपली कहाणी सांगितली. त्याच वर्षी त्याच पत्रात सॅली हेमिंग्जचा मुलगा मॅडिसन याचीही आली. आणि त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून, अर्पण केली.

इझ्रायलच्या बाबतीत एक अडचण आधीच दिसते आहे. मुक्तीचे कागद करताना कारकुनाने सुचवलं म्हणून त्याने जेफरसन हे आडनाव घेतलं. वही, लिलाव आणि जनगणना अशा क्रमाने शोधत गेलं तर गिलेट आडनावाचा माग मध्येच तुटतो. म्हणून या वेळी उलटीकडून सुरुवात: आधी १८७३ ची कहाणी, त्यातली आईवडिलांची आणि भावंडांची नावं, आणि मग फार्म बुकमधला शिध्याचा क्रम. ताई कोर्टातली मुक्तिपत्रं बघायला घेतायत, मी सोमवारपासून कांबळ्यांच्या याद्या.